ब्लॉकलिस्टचं मत घ्या, निकाल तुम्ही द्या

स्पॅम आत आला की ऑफिसभर बोंब होते. खरा मेल अडला तर कुणाला पत्ताही लागत नाही. छोट्या कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळताना मला निस्तरावं लागलं ते बहुतेकदा हे दुसरं.

एका ठिकाणी आधीच्या कंत्राटदाराने अनेक ब्लॉकलिस्ट लावून ठेवल्या होत्या. एकीत जरी पाठवणाऱ्याचा आयपी सापडला, तरी मेल गुपचूप नष्ट. एका जुन्या पुरवठादाराची कोटेशनं येईनाशी झाली, कारण त्याच्या शेअर्ड होस्टिंगच्या आयपीवरून भलताच कोणीतरी स्पॅम पाठवत होता. खरेदी विभागाला वाटलं, याला काम नकोय. त्याला वाटलं, आपल्याला टाळतायत.

म्हणून एकाच यादीच्या शब्दावर मेल नाकारू नका. पोस्टफिक्सच्या पोस्टस्क्रीनमध्ये प्रत्येक यादीला वेगळं वजन देता येतं. स्पॅमअसॅसिन तर गुणच मोजतो. मूळ सेटिंगमध्ये बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरतो.

यादीत काय असतं, तेही वाचा. स्पॅमहॉसच्या पीबीएल या यादीत घरगुती ब्रॉडबँडचे आयपी असतात. तिथून थेट मेल सर्व्हरला मेल येऊ नये, एवढाच तिचा अर्थ. तिथला माणूस स्पॅमर असतो असं नाही. तेव्हा ५८७ पोर्टवर पासवर्ड देऊन येणाऱ्या आपल्या लोकांना ही तपासणी लावू नका, नाहीतर घरून काम करणारेच अडकतील.

यादी जिवंत आहे ना, हेही अधूनमधून पाहा. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी अनेकांच्या सेटिंगमध्ये राहिली. मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक आयपीला ‘यादीत आहे’ म्हणू लागली आणि त्या सर्व्हरांवर येणारा सगळाच मेल अडला. चाचणी सोपी आहे: आयपीव्ही४च्या चालू यादीत १२७.०.०.२ सापडलाच पाहिजे, १२७.०.०.१ कधीच सापडता कामा नये. उत्तराचा कोडही तपासा. सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं, तर स्पॅमहॉस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देऊ शकतं. तो विचारण्यात चूक झाल्याचा इशारा असतो, पण ‘काहीतरी उत्तर आलं म्हणजे स्पॅम’ असं मानणारा सर्व्हर त्यावरही मेल फेकतो.

नवी यादी आधी काही आठवडे फक्त लॉगपुरती चालवा. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी ‘वॉर्न इफ रिजेक्ट’ आहे. नाकारायचं ठरलंच, तर मेल स्वीकारण्यापूर्वी, ५५० कोड आणि यादीचं नाव देऊन नाकारा. प्रामाणिक पाठवणाऱ्याला बाउन्स मिळतो आणि तो निदान फोन तरी करतो.

आणि नाकारलेल्या पत्त्यांची यादी दर आठवड्याला खरेदी-विक्रीच्या माणसांना दाखवा. आपल्याला त्यात नुसते आयपी दिसतात. ग्राहक कोण, हे त्यांना कळतं.