मानधन की सन्मान?

प्रश्न: आमच्या वैज्ञानिक संस्थेत शोधनिबंध तपासणे, अधिवेशन भरवणे ही कामे सभासद विनामोबदला करतात. त्यांना मानधन द्यावे, की सन्मान?

उत्तर: सन्मानच द्यावा, पण तो शाल-श्रीफळाचा नव्हे, नेमक्या नोंदीचा. उरी ग्नीझी व आल्डो रुस्तिचिनी यांच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इस्रायलमधले विद्यार्थी दारोदार देणग्या जमवत होते. जमलेल्या रकमेचा एक टक्का ज्यांना मिळणार होता, त्यांनी काहीच न मिळणाऱ्यांपेक्षा कमी पैसे आणले. तुटपुंजा मोबदला सेवेची मजुरी करतो, तीही हलकी. उलट जर्मन विकिपीडियावर याना गालूस यांनी नवलेखकांपैकी काहींना यदृच्छेने निवडून केवळ प्रतीकात्मक गौरव दिला, तेव्हा टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी वाढले. त्यामुळे बिनपैशांचा सन्मान पोकळ असतो, हा आक्षेप टिकत नाही. सरसकट वाटला तर त्याची किंमत उतरते, हा मात्र रास्त आहे. म्हणून पत्रात कामच लिहा: किती निबंध तपासले, कोणते सत्र उभे केले. तरुण संशोधकाला ही नोंद ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या ऑनलाइन ओळख-नोंदणीवर दाखवता येते. प्रवासखर्च मात्र जरूर द्या. तो मोबदला नव्हे, पदरमोडीची भरपाई आहे.