वस्त्र पुरवून वापरावे ते कसे?

तापीकाठच्या एका लहान मंडळीतील एक विधवा भगिनी नाताळानंतर तीन रविवार उपासनेस आली नाही. चौथ्या आठवड्यात आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा पुष्कळ आढेवेढे घेऊन ती म्हणाली, “पाळकसाहेब, तेच एक लुगडे लोकांनी किती वेळा पाहावे?” परतताना आम्हास आठवले की, सणापूर्वीच्या उपदेशात नव्या वस्त्रांचे कौतुक आम्हीच मोठ्या हौसेने केले होते. तो दोष आमचा. यास्तव आजच्या पाठात वस्त्रांविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी मांडीत आहोत. उपदेशकबंधूंनी त्या घरोघरी सांगाव्या.

खानदेशच्या लोकांस कापूस काय तो शिकवावयास नको. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, तेव्हा आपल्याकडील कापसास भलताच भाव आला; आणि युद्ध संपताच तो कोसळला. पुढे जळगावास कापडाची गिरणी निघाली, अमळनेरास प्रताप मिल उभी राहिली. धुळ्यात आजही यंत्रमाग चालतात. निंदणी, खुरपणी आणि बोंडांनी बोटे खरचटवून घेणारी वेचणी ज्या घरच्या बायामाणसांनी केली, त्याच घरात दोनदा घातलेले वस्त्र जुने ठरावे, हे नवल नव्हे काय? परंतु तसे होत आहे, आणि आपल्याकडेच होत आहे असेही नाही. विलायतेतील एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेने २०१७ साली अहवाल काढला. टाकून देण्यापूर्वी एक वस्त्र जितके वेळा अंगावर चढते, ती संख्या जगात पंधरा वर्षांत ३६ टक्क्यांनी घटली, असे त्यात नमूद आहे.

वस्त्र स्वस्त की महाग हे दुकानात ठरत नाही. नऊशे रुपयांचा सदरा लग्नात व सणांत मिळून नऊ वेळा घातला, तर प्रत्येक वेळेस शंभर रुपये पडले. तीनशेचा जाड सुती सदरा दीडशे दिवस अंगावर राहिला, तर दिवसास दोनच रुपये. उसनवारी करून लग्नाचे कपडे घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडून पाहावा. व्याज मिळविले म्हणजे आकडा आणखी वाढतो, आणि ते वस्त्र तर पेटीत पडून असते.

आता वस्त्र झिजते कशाने? अंगावर घालण्याने झिजते हे खरे, पण निष्काळजीपणे धुण्याने त्याहून लवकर झिजते. सुताचा धागा म्हणजे आखूड तंतूंचा पीळ. दगडावर आपटले की ते तंतू तुटतात व सुटतात. मळके कपडे अगोदर साबणाच्या पाण्यात भिजत घालावे, मग मळ आपटल्यावाचून निघतो. घामाने भिजलेला सदरा तसाच गुंडाळून ठेवू नये. त्या दिवशी धुणे न जमले तर निदान वाऱ्यावर टाकावा. खानदेशचे ऊन रंगही खाते आणि धागाही कमजोर करिते, म्हणून कपडा उलटा करून सावलीत वाळवावा. रेयॉनचे कापड ओले असता दुबळे होते, ते पिळू नये. सुती कापडाचे तसे नाही.

फाटण्याची वाट मात्र पाहू नये. उसवलेली शिवण त्याच दिवशी धावदोऱ्याने धरिली, तर दोन हात दोऱ्यात काम भागते. ठिगळाविषयी मत्तय ९:१६ येथे प्रभूने जे म्हटले, ते ज्याने सुई धरिली आहे त्यास लगेच समजते. मागावर ताणून विणलेले कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि आटताना जुन्या कापडास ओढून फाडिते. तेव्हा ठिगळाचे कापड आधी धुऊन वाळवून घ्यावे, किंवा जुन्यातलेच लावावे. सदऱ्याची कॉलर विरली तर शिंप्याकडून उलटवून घ्यावी. लेकरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवावे व शिवणीत दोन बोटे कापड राखावयास सांगावे.

लुगडे बहुधा मध्येच विरते, काठापदरास काही होत नाही. आपल्या आज्या तो विरलेला भाग कापून धडकी टोके जोडीत. यास दंड घालणे म्हणत. ही विद्या तरुण भगिनी विसरत चालल्या आहेत. त्या विधवा भगिनीच्या लुगड्यास मंडळीतील एका म्हातारीने असाच दंड घातला. पुढच्या रविवारी ती आली व नेहमीच्या जागी बसली. ठिगळ लाविलेले वस्त्र आणि मळके वस्त्र यांत लोक गल्लत करितात, त्याचे आम्हास वाईट वाटते. १९५६ साली दिवंगत झालेले गाडगे महाराज चिंध्या जोडलेले वस्त्र नेसत, आणि तेच हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडून काढीत.

दंड घातलेलेही विरले, म्हणजे त्याची बाळासाठी दुपटी करावी, कारण जुन्या सुताइतके मऊ नवे कापड नसते. उरलेल्याचे थर घालून गोधडी शिवावी. अगदी चिंधी झाली तर पोतेरे आहेच. मात्र पॉलिएस्टरच्या चिंधीचे पोतेरे करू नये, ते पाणी टिपत नाही. ती बोहारणीस द्यावी व बदल्यात एखादे भांडे घ्यावे.