घाटात गाडीचा दम सुटला तर



ऊस पिवळा पडला म्हणून आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. आधी मुळाशी पाणी साचलंय का, ते बघतो. गाडीचेही तसेच आहे. ओढ अचानक गेली की पहिला भेटलेला माणूस सांगतो, "इंजिनचं काम निघालं!" काम निघते खरे, पण पुष्कळदा ते इंजिनाच्या बाहेरच असते.

मागे एकदा कराडहून कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणमार्गे लोट्याला पाहुण्यांकडे निघालो होतो. गाडी जुनी, कार्बोरेटरची. परशुराम घाटाच्या निम्म्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी पुढे सरकेना. मागे ट्रकांची रांग, गाडीत म्हातारी आई. गाडी डाव्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला. पहिला धडा हाच : आधी माणसे सांभाळा, मग यंत्र.

पुढे तपासणीचा क्रम असा ठेवावा.

१) इंजिन तापले असेल तर थांबा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

२) इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतोय. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापले असेल, तर तिथला ब्रेक धरून बसलाय.

३) पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडा. 'फुस्स' आवाज होऊन गाडी सुधारली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे.

४) प्लग काढून बघा. फिका तपकिरी रंग चांगला. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

५) ठिणगी कमजोर असेल तर पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल पाहा.

६) हे सगळे ठीक निघाले, तरच कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन खोलायची गोष्ट त्यानंतर.

आमची गाडी दहा मिनिटे विसावली की नीट ओढायची, चढावर पुन्हा दम सोडायची. तापलेली कॉइलही असाच खेळ करते, म्हणून लोट्याच्या मिस्त्रीने आधी ठिणगी पाहिली. ती जोरदार होती. प्लग मात्र पांढरे! मग इंजिन थंड झाल्यावर पेट्रोलचा फिल्टर काढला. आत तपकिरी गाळ, आणि रबरी नळी आतून फुगून मऊ झालेली. सपाटीवर भागेल एवढे पेट्रोल पोचत होते, चढाला पुरत नव्हते. फिल्टर आणि नळी बदलली, काम संपले.

यात आपलाही संबंध आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. ते इथेनॉल आपल्या उसातूनही जाते. त्यात लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज थोडे घटते. पण अचानक दम सुटण्याचे ते कारण नव्हे. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवते, जुने रबर फुगवते आणि हवेतला ओलावा ओढते. तेव्हा जुन्या गाडीला इथेनॉल सोसणारी नळी आणि पंपाचा पडदा बसवून घ्या. फिल्टर लवकर बदला. पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीने उभी ठेवू नका.

आपल्या मालाचा अभिमान बाळगू या, पण त्याचा स्वभावही ओळखू या. आणि कुणी "इंजिन खोला" म्हणाले, तर आधी विचारा : "फिल्टर बघितलात का?"