जलाशयातील गाळाची मोजणी

धरणाजवळच्या मापपट्टीवर पाण्याची उंची कळते. साठा किती, हे तिच्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी कोणत्या पातळीला किती पाणी मावते हे दर्शविणारा तक्ता लागतो. नदी दरवर्षी गाळ आणते, तळ वर येतो आणि तक्ता जुना होतो. मग पट्टी पूर्वीइतकीच उंची दाखवीत असली, तरी पाणी कमी असते.

या दृष्टीने निझामसागराचे उदाहरण बोधप्रद आहे. बीड जिल्ह्यातील बालाघाट डोंगरात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर, तत्कालीन हैदराबाद संस्थानात, हे धरण १९३१ साली पूर्ण झाले. त्याची मूळ क्षमता सुमारे २९.७ अब्ज घनफूट होती. दरवर्षी ५३० एकर-फूट गाळ साचेल, असा अंदाज होता; मोजणीत तो ८,७२५ एकर-फूट, म्हणजे सोळा पटींहून अधिक आढळला. १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत क्षमता सुमारे ११.८ अब्ज घनफुटांवर आली. पुढे जलपातळी वाढवून ती सुमारे १७.८ अब्ज घनफूट करण्यात आली.

मोजणीची रीत अशी : जलाशयावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ठराविक अंतराने रेषा आखतात. त्या रेषांवरून नाव नेऊन जागोजागी खोली घेतात. पूर्वी त्यासाठी दोरीला वजन बांधून सोडीत. पुढे प्रतिध्वनियंत्र आले. ध्वनी तळापर्यंत जाऊन परतण्यास लागलेल्या वेळावरून ते खोली सांगते. पाण्याच्या पातळीतून खोली वजा केली की तळाची उंची मिळते. त्यावरून समोच्चरेषांचा नकाशा तयार होतो. समजा, एका रेषेच्या आतील क्षेत्र २०० हेक्टर, तिच्यावरील रेषेच्या आतील ३०० हेक्टर आणि दोहोंतील उंची एक मीटर आहे. तर त्या थरात सुमारे २५ लाख घनमीटर पाणी मावते. अशा सर्व थरांची बेरीज म्हणजे आजची क्षमता. मूळ क्षमतेतून ती वजा करता गाळाचे घनफळ मिळते.

गाळ केवळ तळाच्या मृत साठ्यातच बसतो, हा समज चुकीचा आहे. जड वाळू जलाशयाच्या मुखाशीच थांबते आणि सिंचनाच्या उपयुक्त साठ्याची जागा व्यापते. जुन्या तक्त्यावर विसंबून पाणीवाटप ठरविल्यास कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पेरणी करून बसतो आणि ऐन गरजेच्या वेळी त्याच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. म्हणून ठराविक काळाने मोजणी करून तक्ता सुधारणे अगत्याचे आहे.

तळाशी बसलेला हा गाळ म्हणजे वरच्या पाणलोटातील कोणाच्या तरी शेताची सुपीक माती असते. बांधबंदिस्ती आणि वृक्षलागवड केल्याने ते शेतही राखले जाते आणि खालचे पाणीही.