अस्सल आणि नक्कल : संकलनातील प्रॉक्सी फाइल

मोबाइलमुळे चित्रण सोपे झाले. परंतु ते कापून-जोडून सलग करणे, म्हणजेच संकलन, हे महागड्या संगणकाशिवाय होत नाही असा समज आपल्यात रूढ आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. यंत्रमागाच्या मजुरीत नवा संगणक बसत नाही. म्हणून हा समज तपासणे मला अगत्याचे वाटले.

अडचण कोठे आहे? '४के' चित्राच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. शिवाय जागा वाचावी म्हणून मोबाइल बहुतेक चौकटी पूर्ण साठवीत नाही. शेजारच्या चौकटीहून काय बदलले तेवढेच नोंदवतो. त्यामुळे एक चौकट दाखवण्यासाठी संगणकाला अनेक चौकटी उलगडाव्या लागतात. जुने यंत्र येथेच अडखळते.

यावर उपाय प्रॉक्सी फाइलचा. मूळ चित्रणाची १२८० गुणिले ७२० मापाची नक्कल केली की बिंदू एक-नवमांश उरतात. तीत प्रत्येक चौकट स्वतंत्र साठवली तर काम आणखी हलके होते. काटछाट नकलेवर करावी. अंतिम प्रत काढताना तेच निर्णय मूळ फाइलला लागू होतात. 'केडेनलाइव्ह'सारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. भिवंडीकरांस हे नवे वाटू नये. व्यापारी तागे घेऊन हिंडत नाही. सौदा नमुन्याच्या पट्टीवर ठरतो, माल ताग्यातून जातो.

फिल्मच्या काळातही संकलक मूळ निगेटिव्हला हात लावीत नसे. तो पॉझिटिव्ह प्रत कापी आणि काठावरील क्रमांक जुळवून शेवटी निगेटिव्ह कापली जाई. तेथे हेतू निगेटिव्ह जपण्याचा होता, येथे वेगाचा आहे, तत्त्व एकच.

पथ्ये मात्र पाळावीत. नकलेतील चौकटींचा वेग व ध्वनी मुळाप्रमाणेच असावा. रंग आणि स्पष्टता मूळ चित्रावरच पारखावी. नक्कल तयार होण्यास वेळ व जागा लागते, म्हणून ते काम रात्री लावून ठेवावे. नक्कल हरवली तर पुन्हा करता येते. मूळ हरवले तर सारेच गेले.

सारांश, आपल्या गल्लीतील माग आणि मागावरची माणसे यांचे चित्रण करण्यास नव्या संगणकाची वाट पाहण्याचे कारण नाही. ती कथा आपण सांगितली नाही तर दुसरे कोणीतरी, बाहेर उभे राहून, सांगेल.