आजीचा हिशेब

आमच्या बेळगाव भागात मराठा लाइट इन्फंट्रीची पेन्शन येणारी घरे पुष्कळ. आमचेही त्यांतलेच. आजोबांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. तेव्हापासून त्यांचे सारे आजीच करते.

पेन्शनर सैनिकाच्या सेवेसाठी ‘सतत परिचर्या भत्ता’ असतो, असे वाचून मी हरखलो. पण अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेले, शंभर टक्के असावे लागते. शिवाय वैद्यकीय मंडळाची शिफारस हवी. म्हातारपणीचा झटका त्यात बसत नाही. २००३ साली सुरू झालेल्या ई.सी.एच.एस. योजनेतून औषधे मिळतात, तेवढाच आधार.

खरी काळजी पुढची. पेन्शन साधारणतः शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, तर सामान्य कौटुंबिक पेन्शन ३० टक्के. पगार ३०,००० धरला तर १५,००० चे ९,००० होतात. महागाई सवलत वेगळी. विधवेला वाढीव ५० टक्के मिळतात, पण सात वर्षे किंवा पतीच्या वयाची ६७ वर्षे, यांत जे आधी संपेल तोवरच. आजोबा आज ७८ वर्षांचे आहेत!

मग ट्रंकेतला पेन्शन मंजुरीचा आदेश काढला. त्यात आजीचे नाव माहेरचे, कानडी रेशनकार्डावर सासरचे, आधारवर तिसरेच.

“मी एकटीच आहे की रे!” आजी म्हणाली.

आजोबा आहेत तोवरच दुरुस्ती व्हावी, म्हणून अर्ज लिहिला. उजवा हात चालत नाही. दोन साक्षीदारांसमोर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. अर्ज गेल्या महिन्यात पाठवला आहे, उत्तर यायचे आहे.