तलावाचे मुद्दल आणि व्याज

गोंदिया जिल्ह्यात कोणत्याही रस्त्याने निघालात, तरी थोड्याच अंतरावर एखादी बोडी किंवा तलाव दिसतो. पूर्व विदर्भात असे जुने तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील कसबी लोकांनी जमिनीचा उतार पाहून, पाळ घालून ते बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. म्हणून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’, थोडक्यात ‘मामा तलाव’, म्हणतात. त्यांच्या पाण्यावर धान पिकते आणि मासळीवर ढिवर समाजाची असंख्य कुटुंबे जगतात.

या लेखात आपण एक प्रश्न सोडवू या. लोकांचे भले करणारा उद्योग स्वतःच्या पायांवर कसा उभा राहतो? वर्गणी व देणग्यांवर चालणारे काम देणगी थांबली की थांबते. केवळ नफ्यासाठी चाललेला धंदा नफा संपला की गाव सोडून जातो. या दोहोंमधला तिसरा प्रकार म्हणजे सामाजिक उद्योग. तो माल विकतो, हिशेब ठेवतो, पण त्याची मिळकत समाजाची एखादी अडचण दूर करण्यातूनच येते. हा प्रकार नवा नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली विणकर व इतर कारागिरांनी सहकारी दुकान काढले, आणि शिलकीचा वाटा सभासदांनाच खरेदीच्या प्रमाणात दिला. ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था याच कुळातल्या. त्या तलाव ठेक्याने घेतात व मासळी विकतात.

तलाव कसा बिघडला?

रोहू, कटला आणि मृगळ हे मासे झपाट्याने वाढतात. म्हणून तलावांत त्यांचे बीज सोडण्याची पद्धत रूढ झाली. पण हे मूळचे नदीतले मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते. काही ठिकाणी गवत्या मासाही सोडला गेला. त्याचे अन्नच पाणवनस्पती; त्याने तळ साफ केला. काठाने बेशरमाची झुडपे माजली.

पाणवनस्पती गेल्याने काय बिघडते? त्यांच्या मुळांनी गाळ धरून ठेवलेला असतो. मुळे गेली की वाऱ्याने, लाटांनी गाळ ढवळला जातो व पाणी गढूळ होते. गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर पोचत नाही. प्रकाश नाही, म्हणून उरलेल्या वनस्पतीही मरतात. म्हणजे परिणामच पुन्हा कारण बनतो आणि चक्र फिरत राहते. मरळ, शिंगी, मागूर अशा स्थानिक माशांना लपायला जागा व खायला किडे मिळेनासे होतात.

पण हेच चक्र उलट फिरवता येते! वनस्पती वाढल्या की गाळ बसतो, पाणी निवळते, प्रकाश खोल जातो व आणखी वनस्पती वाढतात. पहिला धक्का मात्र कोणीतरी द्यावा लागतो.

पहिला धक्का

अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांच्या ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने आणि ढिवरांच्या संस्थांनी मिळून हा धक्का दिला. कामाची सुरुवात झाली ती विचारण्यापासून. कोणता मासा कोणत्या वनस्पतीजवळ राहतो, कुठे अंडी घालतो, हे जुन्या जाणत्या मासेमारांना ठाऊक होते. त्या माहितीवर पुढची कामे ठरली. बेशरम उपटली. उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला. पाऊस पडल्यावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा वनस्पती दुसऱ्या तलावांतून आणून लावल्या. या कामात गावोगावच्या स्त्रियांचे गट पुढे आले. स्थानिक मासे तलावातच वाढतात आणि तिथेच पिले देतात. त्यांच्या बीजाला दरवर्षी पैसे मोजावे लागत नाहीत.

येथे एक अडचण ध्यानात घ्या. तलाव मुळात धानासाठी बांधलेला. पावसाने ओढ दिली की शेतकऱ्याला पाणी हवे, आणि मासेमाराला ते तलावात उरायला हवे. दोघांचीही गरज खरी. म्हणून असा उद्योग सर्व गावाला बरोबर घेऊन, किती पाणी राखायचे ते ठरवूनच चालू शकतो.

दोन वह्या

आता थोडे गणित करू. समजा, एका तलावात १००० किलो मासळी आहे आणि ती वर्षाला ४० टक्के वाढते. (प्रत्यक्षात वाढीचा दर दाटी झाली की मंदावतो. येथे हिशेब सोपा ठेवला आहे.) वर्षाअखेर १४०० किलो झाली. त्यातील ४०० किलो पकडली तर मूळ १००० तशीच राहते. पण संस्थेने दरवर्षी ५०० किलो पकडायचे ठरवले तर?

पहिल्या वर्षाअखेर उरतील ९०० किलो. दुसऱ्या वर्षी ७६०, तिसऱ्या वर्षी ५६४, चौथ्या वर्षी सुमारे २९०. पाचव्या वर्षी ती वाढून सुमारे ४०६ होतील, म्हणजे ५०० किलो पकडायलाच नाहीत!

आता विक्रीची वही पाहा. पहिली चार वर्षे तिच्यात ५००, ५००, ५००, ५०० असेच आकडे असतील. सारे सुरळीत आहे, असेच कोणालाही वाटेल. धोका दिसेल तो दुसऱ्या वहीत, जिच्यात तलावात काय उरले याची नोंद आहे. ४०० किलो हे व्याज होते. वरचे १०० किलो मुद्दलातून गेले. सामाजिक उद्योगाला या दोन्ही वह्या ठेवाव्या लागतात. एक पैशाची, दुसरी ज्यावर पैसा मिळतो त्या मुद्दलाची. ते मुद्दल तलाव असेल, जंगल असेल किंवा माणसांचा परस्परांवरील विश्वास असेल.

वाढायचे कसे?

एका तलावाला त्याच्या क्षमतेपलीकडे वाढता येत नाही. म्हणून अशा उद्योगाची वाढ जाळ्यासारखी असते. एका गावाने केलेले दुसरे गाव पाहते आणि आपल्या तलावाला जुळेल तसे बदलून करते. विक्रीसाठी मात्र एकत्र येणे फायद्याचे असते. २०१३ साली गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी वनहक्क कायद्याच्या आधारे तेंदूपानांचे संकलन व विक्री स्वतः मिळून केली. गावे वेगळी, सौदा एकत्र!

करून पाहा

सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या. तिचे चार समान भाग करून एकाआड एक काळे व पांढरे रंगवा. मध्यभागी खुणा केलेली दोरी बांधा व खाली वजन लावा. ही सेकी चकती. शिक्षकांसोबत, जाणत्या मासेमाराच्या डोंग्यातून, दुपारच्या उन्हात ती सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा. ती दिसेनाशी होते ती खोली मोजा. साधारणपणे या खोलीच्या दुप्पट ते तिप्पट अंतरापर्यंत वनस्पतींना पुरेल इतका प्रकाश पोचतो. दर महिन्याला, शक्यतो त्याच जागी व त्याच वेळी, नोंद करा. वर्षाअखेर तुमच्या गावच्या तलावाच्या दुसऱ्या वहीचे पहिले पान तयार असेल. ते मच्छीमार संस्थेला नेऊन दाखवा.

विचार करा

१. वरील उदाहरणात दरवर्षी ३०० किलो मासळी पकडली, तर तीन वर्षांनी किती उरेल? ही वाढ कायम चालू राहील का? का नाही?

२. तुमच्या गावातील एखादा उद्योग निवडा. त्याचे मुद्दल कोणते? ते मोजण्यासाठी कोणते साधन वापराल?